छत्री काढण्याआधी लस

जुलैतली संध्याकाळ. उपनगरातल्या एखाद्या दवाखान्याच्या दाराशी बादलीत आठ-दहा छत्र्या निथळत असतात, बाकावर माणसं खोकत बसलेली असतात आणि आत डॉक्टरांच्या कानावर रोजचा प्रश्न पडतो, "फ्लू तर थंडीतला आजार ना? मग आत्ता कसा?" त्याच्या जोडीला दुसराही ठरलेला असतो, "लस ऑक्टोबरात घ्यायची असते ना? अमेरिकेतल्या मुलानं तसंच सांगितलं."

मुलाचं काही चुकत नाही. तो राहतो तिथे ते खरंच आहे. घोळ होतो तो न्यू जर्सीचं वेळापत्रक डोंबिवलीला लावल्यामुळे. फ्लूचे विषाणू जगभर फिरत असतात, पण ते कुठे आणि केव्हा उसळी मारतील हे तिथली हवा आणि त्या हवेत माणसं कशी राहतात यावर ठरतं. महाराष्ट्रात आणि गोव्यात ही उसळी मुख्यतः पावसाबरोबर येते. म्हणून लसीचा, औषधांचा आणि अगदी रजेचाही हिशेब मृगापासून मांडायला हवा.

तुमच्याकडे फ्लू येतो केव्हा?

भारतभर एकच फ्लूचा हंगाम नसतो. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि देशातल्या इतर प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं रुग्णांचे नमुने तपासल्यावर जे चित्र दिसलं, ते साधारण असं:

- श्रीनगर: जानेवारी ते मार्च. युरोप-अमेरिकेसारखी थंडीतली साथ.
- दिल्ली, पुणे, कोलकाता: मुख्य जोर जून-जुलैपासून सप्टेंबरपर्यंत.
- चेन्नई, वेल्लोर: ऑक्टोबर-नोव्हेंबर, कारण तिथला मोठा पाऊसच तेव्हाचा.

म्हणजे फ्लू काश्मीरमध्ये थंडीच्या मागे लागतो आणि बाकी देशात पावसाच्या. महाराष्ट्राच्या वाट्याला मात्र आणखी एक लाट येते, जानेवारी ते मार्चमधली. ही बहुधा लहान असते, पण गृहीत धरू नये. २०१५ मध्ये हिनंच देशाला हलवलं होतं. त्या वर्षी भारतात स्वाइन फ्लूचे ४२ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि जवळपास तीन हजार माणसं दगावली. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये घराघरांत तीन-तीन आठवडे खोकला रेंगाळला, तोही याच काळात. तेव्हा एच३एन२ या फ्लूच्या प्रकाराचा जोर होता.

पावसाळी लाटेची आठवण पुणेकरांना वेगळी करून द्यायला नको. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात १४ वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूनं मृत्यू झाला. देशातला तो पहिला. त्यानंतर नायडू रुग्णालयासमोर तपासणीच्या रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या आणि रुमालात कापूर-वेलदोडे बांधून हुंगणारी माणसं चौकाचौकांत दिसू लागली.

दमट हवेत फ्लू पसरतो तरी कसा?

निर्णय घेण्यापुरतं विज्ञान एका पिंजऱ्यात मावतं. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये गिनीपिगवर प्रयोग केले. ५ अंश तापमान आणि कोरडी हवा असली की विषाणू हवेतून शेजारच्या पिंजऱ्यात आरामात पोचायचा. ३० अंशांना पोचतच नव्हता. एवढ्यावर थांबलं तर मुंबईत फ्लू व्हायलाच नको! पण याच गटानं पुढच्या वर्षी आजारी आणि निरोगी प्राणी एकाच पिंजऱ्यात ठेवून पाहिले, तेव्हा ३० अंशांनाही लागण बिनदिक्कत झाली. गरम हवेनं लांबचा प्रवास रोखला होता, जवळचा नाही.

आता जुलैतल्या बदलापूर लोकलचा एक डबा डोळ्यांसमोर आणा. पाऊस तिरका येतोय म्हणून दारंखिडक्या ओढलेल्या, दीड-दोनशे माणसं एकमेकांना चिकटून उभी, दांडीला ओले हात. किंवा नुकत्याच उघडलेल्या शाळेचा वर्ग: बाकांवर ओले रेनकोट, खिडक्या बंद आणि एका बाकावर तिघं. पावसाळा आपल्याला एका पिंजऱ्यात आणून बसवतो. पावसात भिजलं की फ्लू होतो ही आजीची समजूत त्यामुळे निम्मीच खरी. भिजल्यानं विषाणू अंगात शिरत नाही. भिजू नये म्हणून जिथे गर्दीनं कोंडून बसतो, तिथे तो भेटतो. तेव्हा रिक्षातला पडदा थोडा उघडा ठेवणं, वर्गातली वाऱ्याच्या उलट बाजूची एक खिडकी उघडी ठेवायला शिक्षकांना सांगणं, घरी आल्या आल्या साबणानं हात धुणं या गोष्टी जुलैत काढ्यापेक्षा जास्त कामाच्या. काढा प्यायला हरकत नाही, घशाला बरं वाटतं.

लस केव्हा घ्यावी?

टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि पुढच्या काही महिन्यांत ते हळूहळू उतरतं. म्हणजे फार आधी घेऊन उपयोग नाही आणि साथ दारात आल्यावर धावलं तर तो पुरेसा होत नाही.

- सर्वांत बरी वेळ: एप्रिलअखेर ते मेचा मध्य. पूर्वी "मे संपता संपता" चालून जायचं. मुंबईत मोसमी पाऊस यायची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मेलाच हजर झाला. पावसाची तारीख अशी अलीकडे सरकत असेल तर लसीला जूनपर्यंत ताटकळत ठेवू नका.
- मे हुकला तर: जून-जुलैतही घ्या. साथ सप्टेंबरपर्यंत चालते, त्यामुळे उरलेल्या दिवसांचा फायदा मिळतोच.
- पावसाळा पूर्णच हुकला तर: सप्टेंबर-ऑक्टोबरात घ्या. जानेवारी-मार्चच्या लाटेला ती उपयोगी पडेल.
- पंढरीची वारी करणार असाल तर: पालखी निघण्याच्या किमान महिनाभर आधी. लाखोंची गर्दी, मुक्कामाचे तंबू आणि आषाढातला पाऊस, शिवाय दिंडीत साठीपुढची माणसं भरपूर. फ्लूच्या दृष्टीनं याहून अवघड पंधरवडा नाही.

मेमध्ये लस घेतलेल्यांनी थंडीसाठी पुन्हा घ्यावी का, हा प्रश्न हल्ली वारंवार येतो. सर्वसाधारण निरोगी माणसाला वर्षातून एक पुरे. डायलिसिसवर असलेले, केमोथेरपी चालू असलेले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे यांनी मात्र आपल्या डॉक्टरांशी वेगळं बोलून ठरवावं.

खोक्यावर काय वाचायचं?

फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लसही दरवर्षी नव्यानं जुळवतात. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा शिफारस करते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. भारत नकाशावर उत्तर गोलार्धात, पण त्याच्या बहुतेक भागातला फ्लू दक्षिणेच्या तारखांना येतो! त्यामुळे मेमध्ये लस घेताना चालू वर्षाची दक्षिण गोलार्धाची लस मागा. खोक्यावर 'सदर्न हेमिस्फिअर' किंवा 'एसएच' आणि वर्ष छापलेलं असतं. ऑक्टोबरात घेणार असाल तर 'नॉर्दर्न', म्हणजे 'एनएच', आणि दोन वर्षांचा जोड-आकडा पाहा.

मेमध्ये कुणी गेल्या थंडीतली एनएच पुढे केली तर मुदतीची तारीख बघा. ती बहुधा संपत आलेली असते. सवलतीत मिळतेय म्हणून हुरळून जाऊ नका.

चार विषाणूंची लस चांगली की तीनची, यावर डोकं शिणवायचीही आता गरज नाही. बी-यामागाता हा चौथा प्रकार मार्च २०२० नंतर जगात खात्रीनं कुठे सापडलेला नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनंच तो लसीतून वगळायला सांगितलं आहे. तीनची पुरते.

कोणी आधी घ्यावी?

६५ वर्षांपुढचे, गर्भवती, मधुमेह, दमा, हृदय, मूत्रपिंड किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले, पाच वर्षांखालची मुलं आणि दवाखान्यात काम करणारे. यांच्यापुढे रांग लावू नका, यांना पुढे जाऊ द्या.

सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही. त्याचं संरक्षण दोन वाटांनी होतं: आईनं गरोदरपणी लस घेतली तर तिची प्रतिकारशक्ती बाळाला मिळते, आणि बाळाला सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनी घेतली तर घरात विषाणू कमी येतो. सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलांना आयुष्यात पहिल्यांदा लस देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. दुसरा डोस विसरणं ही घरोघरची चूक. पहिला एप्रिलमध्ये दिला तर दुसरा शाळा सुरू होण्याआधी होऊन जातो.

महाराष्ट्रात २०१५ पासून सरकारी यंत्रणेतून जोखमीच्या गटांना, त्यात दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या गर्भवती आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आले, ही लस मोफत देण्यात येते. साठा मात्र कधी असतो, कधी नसतो. खासगीत पैसे मोजण्याआधी जवळच्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयात फोन करून विचारा.

इथे माणसं फसतात

औषधाच्या दुकानातून लस घेऊन ती पिशवीत टाकून, वाटेत भाजी घेऊन, मग दवाखान्यात पोचणारे लोक आहेत. मेच्या उन्हात! ही लस २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते. शक्यतो दवाखान्याच्याच फ्रिजमधली घ्या. दुकानातून घ्यायचीच झाली तर बर्फाच्या पॅकसह घेऊन थेट पोचा. घरी ठेवायची वेळ आली तर फ्रिजच्या दारात नको, कारण तिथलं तापमान वरखाली होतं. आणि फ्रीजरमध्ये तर मुळीच नको, गोठलेली लस वाया जाते.

दुसरी तक्रार, "लस घेतली आणि त्यामुळेच फ्लू झाला." टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिनं फ्लू होत नाही. दंड दुखणं, एक-दोन दिवस कणकण येणं हे होऊ शकतं. "घेऊनही झालाच" ही तक्रार मात्र खरी असू शकते. लस विषाणूशी नीट जुळली त्या वर्षी डॉक्टरकडे जायला लावणाऱ्या फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. शंभर टक्क्यांची हमी कुणी देत असेल तर तो लस विकतोय असं समजा. आजार गंभीर होण्यापासून वाचवणं हे तिचं मोठं काम.

अंड्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणून लस टाळायची गरज नाही, पण टोचण्याआधी सांगून ठेवा. नाकात फवारायची लस वेगळी; तिच्यात क्षीण केलेला जिवंत विषाणू असतो, म्हणून ती गर्भवतींना देत नाहीत.

ताप आलाच तर: पहिले दोन दिवस

पावसाळ्यातला ताप थंडीतल्या तापाइतका सरळ नसतो. डेंगी, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) आणि फ्लू एकाच वेळी गावात असतात. फ्लूत ताप अचानक चढतो, अंग मोडून येतं, घसा धरतो आणि कोरडा खोकला सुरू होतो. डोळ्यांच्या मागे ठणका, अंगावर पुरळ, खोकला नाही, तर डेंगीचा संशय. थंडी वाजून, हुडहुडी भरून ताप, तर मलेरिया. साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर काही दिवसांनी ताप आणि पोटऱ्यांत वेदना, तर लेप्टो. हे सगळं ढोबळ आहे. पण डॉक्टरांना "व्हायरल वाटतंय" एवढंच सांगण्यापेक्षा "नऊ तारखेला परळला गुडघाभर पाण्यातून आलो" हे सांगितलंत तर निदान लवकर होईल. लेप्टो टाळायची गोळीही डॉक्टरांच्या सल्ल्यानं पाण्यातून आल्यापासून २४ ते ७२ तासांत घ्यायची असते, म्हणून ताप यायची वाट पाहू नका.

डेंगी नाही हे कळेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, "ती स्ट्राँगवाली गोळी" नको. मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन कधीच नको.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं फ्लूच्या रुग्णांचे तीन गट केले आहेत. ते माहीत असले की तपासणीवरचे पैसेही वाचतात आणि वेळही.

- अ गट: सौम्य ताप, खोकला, घसादुखी. घरी विश्रांती. स्वॅबची तपासणी नको, फ्लूच्या गोळ्याही नकोत. २४ ते ४८ तासांनी पुन्हा डॉक्टरांना दाखवा.
- ब गट: जास्त ताप आणि घसा खूप दुखणं, किंवा लक्षणं सौम्य असली तरी रुग्ण वर सांगितलेल्या जोखमीच्या गटातला असणं. इथेही तपासणीची सक्ती नाही. पण ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध डॉक्टर देऊ शकतात आणि जोखमीच्या रुग्णाला अहवालाची वाट न पाहता देतात.
- क गट: धाप, छातीत दुखणं, रक्तदाब उतरणं, थुंकीत रक्त, नखं निळी पडणं, गुंगी. तपासणी, भरती आणि औषध एकदमच.

ऑसेल्टामिविर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली टॅमीफ्लू, लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत घेतली तर सर्वांत उपयोगी पडते. म्हणून मधुमेही आजोबांच्या कणकणीला "बघू परवा" म्हणू नका. २०१७ मध्ये हे औषध विक्रीवर कडक बंधनं असलेल्या यादीतून काढून एच१ यादीत आणलं, त्यामुळे ते नेहमीच्या औषध दुकानांत ठेवता येतं. चिठ्ठी मात्र लागतेच आणि दुकानदार तिची नोंद ठेवतो. अँटिबायोटिक फ्लूच्या विषाणूवर चालत नाही. गेल्या वेळच्या उरलेल्या तीन गोळ्या कपाटातच राहू द्या.

थेट रुग्णालय गाठा

कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर बऱ्याच घरांत खणात पडून आहे, सेल संपलेला. मेमध्ये लसीबरोबर त्याचेही सेल बदला. आकडा ९४ च्या खाली गेला, बोलताना धाप लागली, माणूस गोंधळल्यासारखं करू लागला, तर थांबू नका. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे.

मुलांबाबत श्वास मोजा. मूल शांत असताना शर्ट वर करून, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा ते दूध-पाणी घेत नसेल, तर लगेच निघा.

एक लक्षण हमखास दुर्लक्षित राहतं: ताप उतरला, दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा ताप-खोकला वाढला. हा जिवाणूंमुळे झालेला न्यूमोनिया असू शकतो. "परत फ्लू झाला" म्हणून घरी बसू नका.

मुलाकडे जाताय?

बाळंतपणासाठी नोव्हेंबरात अमेरिका किंवा इंग्लंडला निघालेल्या आईवडिलांनी तिथला हंगाम धरावा. सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे एनएच लस मिळाली तर निघण्याच्या दोन आठवडे आधी घ्या. मेमध्ये एसएच घेतली असेल तर ते डॉक्टरांना सांगा. त्या वर्षी दोन्हींतले विषाणू तेच आहेत की बदललेत हे पाहून ते ठरवतील. जूनमध्ये मेलबर्न-सिडनीला जाणार असाल तर तिथे तेव्हा ऐन थंडी. मेमधली इथली लस तिथेही कामाला येते. जानेवारीत गुलमर्गचा बेत असेल तर ऑक्टोबरची लस धरा.

एल निनोचं काय?

दर उन्हाळ्यात बातम्या आल्या की हा प्रश्न येतो. १९१८, १९५७, १९६८ आणि २००९ या चारही महासाथींआधी प्रशांत महासागरात ला निनाची, म्हणजे एल निनोच्या उलट, स्थिती होती असं अमेरिकी संशोधकांनी दाखवलं आहे. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या वाटा बदलल्यानं विषाणूंची सरमिसळ होत असेल, असा त्यांचा तर्क आहे. वाचायला रोचक. पण चार घटनांवरून तुमच्या घरातला निर्णय होत नाही. एल निनो असो वा ला निना, मेची लस मेमध्येच.

रजा, शाळा आणि हक्क

फ्लूचा रुग्ण लक्षणांच्या आदल्या दिवसापासून साधारण पाच ते सात दिवस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. पॅरासिटामॉल न घेता २४ तास ताप नसेल तरच कामावर किंवा शाळेत परतावं. शाळांनी शंभर टक्के हजेरीचं बक्षीस जुलै-ऑगस्टपुरतं तरी गुंडाळून ठेवावं. फ्लूला याहून मोठी मदत दुसरी नाही.

- कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) सभासद असाल तर आजारपणात मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. पात्रतेसाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते आणि प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरांचं लागतं. खासगी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आठवड्यानं जाण्यापेक्षा पहिल्याच दिवशी तिथे दाखवा.
- दरपत्रक: महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांतल्या २०२१ च्या दुरुस्तीनं खासगी रुग्णालयांना रुग्ण हक्क सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. ते दिसलं नाही तर मागा. भरतीआधी खाटेचा, आयसीयूचा आणि तपासण्यांचा दर लिहून घ्या.
- औषध कुठून घ्यायचं हे तुम्ही ठरवायचं. रुग्णालयाच्याच दुकानातून घ्या असा आग्रह झाला तर सनदेकडे बोट दाखवा.
- तातडीचा रुग्ण आगाऊ रकमेसाठी दारात अडवता येत नाही; आधी प्राथमिक उपचार, मग पैशांचं बोलणं.
- कागद: उपचारांच्या नोंदींची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. विम्याच्या दाव्याला ती प्रतच लागते.

याच कागदांबरोबर लसीचाही कागद ठेवा. खोक्याचा, एसएच की एनएच, वर्ष आणि बॅच नंबर दिसेल असा फोटो मोबाइलवर काढून घरच्या ग्रुपवर टाकून द्या. पुढच्या मेमध्ये डॉक्टर सर्वांत आधी तोच मागतील.